चंद्रपुरात पेंग्विन

लिनक्स या संगणक-प्रणालीचं बोधचिन्ह पेंग्विन आहे. पोट सुटलेला, पाय पसरून बसलेला, भरपेट जेवणानंतर सुस्तावलेला. लॅरी ईविंग यांनी 1996 साली तो काढला, तेव्हा वैशाखातलं चंद्रपूर त्यांच्या डोळ्यांपुढे खासच नसणार. आमच्याकडे पारा 46-47 अंशांवर गेला की कुलरमधलं पाणी अंघोळीला चालेल इतकं तापतं, गांधी चौकात दुपारी चिटपाखरू दिसत नाही, आणि शहाणी माणसं खिडक्यांना पडदे ओढून कैरीचं पन्हं पीत पडून राहतात. नेमक्या त्या दिवसांत मी, मराठीचा निवृत्त मास्तर, ज्याला टीव्हीचा रिमोट आजही दुसऱ्याकडून लावून घ्यावा लागतो, हा पक्षी घरात पाळायला निघालो. हिने एकच प्रश्न विचारला.

"जगते का तो इथं?"

झालं असं, की माझ्या लॅपटॉपवर अधूनमधून एक पाटी झळकू लागली: विंडोज 10 ला 14 ऑक्टोबर 2025 नंतर सुरक्षेची डागडुजी मिळणार नाही. पुढच्या आवृत्तीवर जायचं तर यंत्रात टीपीएम 2.0 नावाची सोय हवी. ती माझ्याकडे नव्हती. तशी बॅटरीही नव्हती, म्हणजे जागेवर होती, पण प्लग काढला रे काढला की लॅपटॉप तत्क्षणी मान टाकायचा. (ही बॅटरी लक्षात ठेवा. पुढे तिने माझी थोडीफार अब्रू वाचवली आहे.) नवीन लॅपटॉपचा विषय मी जेवताना काढला, तर हिने वरण वाढायचं थांबवलं. माझी भाची आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग शिकते. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "मामा, लिनक्स टाका ना. फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर मला ज्ञानाची भूक लागते. रात्रभर वाचलं. 25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराने जाहीर केलं, की मी छंद म्हणून एक फुकट प्रणाली लिहितोय, फार मोठं काही होणार नाही. आज तुमच्या-आमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तिचाच गाभा आहे, आणि जगातले पहिले 500 महासंगणक 2017 पासून झाडून सगळे तिच्यावरच चालतात. मी जन्मात जे जे 'मोठं होणार' म्हणून जाहीर केलं, त्याचं काय झालं ते आमच्या हिला विचारा. दुसरी गोष्ट अशी सापडली, की आमच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला तो 26 ऑगस्ट 1982 रोजी. म्हणजे दोघांच्या वाढदिवसांत जेमतेम एका दिवसाचं अंतर. भाची म्हणते, याला काही अर्थ नाही. बरोबर आहे, पण मी हा योगायोग भाषणात वापरतो.

भाचीने एक अट मात्र घातली. खऱ्या डिस्कला हात लावायचा नाही. आधी व्हर्च्युअल मशीन. म्हणजे काय, तर आहे त्या विंडोजमध्ये एक साधा प्रोग्राम टाकायचा, तो प्रोग्राम एका खिडकीत खोटा संगणक उभा करतो, आणि त्या खोट्या संगणकात लिनक्स टाकायचं. आत गेलेल्या लिनक्सला वाटतं, आपल्याला स्वतंत्र मेमरी आहे, स्वतंत्र डिस्क आहे. प्रत्यक्षात ती डिस्क म्हणजे विंडोजमधली एक गलेलठ्ठ फाइल असते. ही युक्ती आजची नाही. 1960 च्या दशकात आयबीएमच्या महागड्या यंत्रांवर ती सुरू झाली, कारण एका यंत्रावर पुष्कळ जणांना एकाच वेळी काम करायचं होतं आणि प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याचं वाटायला हवं होतं. आम्ही व्हर्च्युअलबॉक्स घेतला. 2007 पासून त्याचा मुख्य भाग मुक्त स्रोत आहे, म्हणजे आतली कृती कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी.

या धंद्यात घरमालक प्रणालीला होस्ट म्हणतात आणि आतल्या प्रणालीला गेस्ट. इथेच माझा घात झाला. पाहुण्याला किती मेमरी द्यायची ते ठरवायला एक सरकपट्टी असते. ती हिरव्यातून निघते आणि पुढे लाल होते. लॅपटॉपची एकूण मेमरी चार जीबी. आता तुम्हीच सांगा, आपल्या घरी पाहुणा आला तर त्याच्या पानात आपण अर्धी पोळी वाढतो का? मी पट्टी लालच्या टोकापर्यंत नेली आणि समाधानाने सुरू करा म्हटलं. लॅपटॉपचा पंखा कुलरच्या वरताण घरघरला, माऊस जागीच खिळला, घड्याळातले सेकंद थांबले, आणि पाहुणा जेवायला बसायच्या आत यजमानाचा श्वास अडकला. भाची कॉलेजातून आल्यावर तिने पट्टी अर्ध्यावर आणली. उबंटू या लिनक्सच्या प्रकाराची मला हौस होती; तिने लुबंटू नावाची त्याची हलकी आवृत्ती टाकायला घेतली, आणि तिलाही वाढताना हात आखडता ठेवला.

पुढे 'डिस्क पुसून टाका आणि स्थापना करा' असा एक पर्याय आला. मी किंचाळलोच. त्या लॅपटॉपवर पुतणीचे बायोडाटा होते ('फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल हाच'), हिच्या भजनी मंडळाचे हिशोब होते, आणि मुख्य म्हणजे माझा वाघ होता.

वाघाचं सांगतो. ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं, आणि आम्ही त्याच्या उंबऱ्यात राहणारे. पुण्या-मुंबईचे पाहुणे मोहर्लीच्या फाटकातून आत शिरतात आणि तासाभरात वाघिणीचे बछड्यांसकट फोटो घेऊन नाश्त्याला परत येतात. मी जातो तेव्हा सांबर दिसतं, रानगवा दिसतो, समोरच्या जिप्सीतल्या लोकांना वाघ दिसतो. एकदाच बांबूच्या आडून पिवळंकाळं काहीतरी हललं, मी बटण दाबलं आणि फोटोत शेपटी आली. स्वच्छ, पट्ट्यापट्ट्यांची, वाघाचीच शेपटी. हिचं मत आजतागायत असं, की ती वाळलेली वेल आहे.

तर भाची म्हणाली, "दाबा मामा, ती खोटी डिस्क आहे, खिडकीच्या बाहेर काहीच जात नाही." दाबलं. खरंच काही गेलं नाही. वाघ जागच्या जागी! मग मला चटकच लागली. बिघडवायचं, पुसायचं, पुन्हा टाकायचं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉट नावाची सोय असते. चालू अवस्थेची नोंद करून ठेवली की कितीही वाटोळं करा, एका क्लिकसरशी पूर्वस्थितीला येता येतं. उभ्या आयुष्यात ही सोय मला कोणी दिली नव्हती. असती तर मी अनेक लग्नांतली भाषणं परत घेतली असती.

मधल्या काळातल्या किरकोळ फजित्या भराभर सांगून टाकतो. आतल्या खिडकीत क्लिक केल्यावर माऊसचा बाण आतच अडकला, बाहेर येईना. मी लॅपटॉप तिरका करून पाहिला, शेवटी प्लग काढला. (कीबोर्डवरचं उजवं कंट्रोल दाबलं की बाण सुटतो.) टर्मिनल नावाच्या काळ्या पडद्यावर सुडो लिहून आज्ञा दिली, त्याने पासवर्ड मागितला, मी टाइप करतोय तर एक अक्षर उमटेना, साधी फुलीसुद्धा नाही. कीबोर्ड गेला असं समजून मी भर उन्हात टोपी घालून जटपुरा गेटजवळच्या एका दुकानात लॅपटॉप नेला. दुकानातल्या पोराने नोटपॅड उघडून माझ्यादेखत 'आल इज वेल' टाइप करून दाखवलं आणि तपासणीचे पैसे घेतले. लिनक्स पासवर्ड टाइप होताना मुद्दामच काही दाखवत नाही, शेजाऱ्याला तो किती अक्षरी आहे हेही कळू नये म्हणून. आमच्याकडे कसलीही गोष्ट शेजाऱ्याला कळू न देण्याची पद्धत नसल्याने मला हे सुचलं नाही. आणि एकदा तर ऐन स्थापनेच्या वेळी कुलर, मिक्सर आणि लॅपटॉप ही तिन्ही मी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावली. 2920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र असलेल्या गावात फक्त आमच्या बैठकीत अंधार झाला.

शिकायला सामग्री नव्हती असं नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे, लिबरऑफिसचे छोटे छोटे पाठ आहेत, मराठीतूनही. पद्धत अशी, की व्हिडिओ थोडा पाहायचा, थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तसंच करून बघायचं, मग पुढे जायचं. मी ते सगळे पाठ मेथी निवडता निवडता एका दमात ऐकून काढले. मेथी उत्तम निवडली गेली.

इतकं शिकल्यावर माणूस शिकवायला निघतो. भाचीचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहेत. शाळेत काही जुने संगणक धूळ खात पडले होते. भाची म्हणाली, आपण त्यांवर लिनक्स टाकू आणि एकमेकांना जोडून देऊ. 'जोडणी माझ्याकडे,' मी म्हटलं. जुलैत, पाऊस लागल्यावर, मूल, सावली, व्याहाड करत आम्ही एसटीने वैनगंगा ओलांडली. नदी दोन्ही काठांना टेकली होती. पलीकडे गडचिरोली. पुढे धानोऱ्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी जंगल असं अंगावर येतं की फोनमधल्या रेघा एकेक करून गळतात.

मास्तरांची जमात मंच दिसला की थांबत नाही. शिक्षकांच्या खोलीत मी लिनक्सच्या परवान्यावर बोलायला उभा राहिलो. म्हटलं, हे बघा, लिनक्सचा गाभा 1992 पासून जीपीएल नावाच्या परवान्याखाली आहे. वस्तू सगळ्यांची आहे. कोणीही वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा. फक्त बदललेलं वाटायचं असेल तर तेही त्याच अटींवर, म्हणजे सामायिकातलं घेऊन त्याला आपलं कुंपण घालायचं नाही. मग मी आवाज खोल केला आणि म्हणालो, एकट्या मालकाशिवायही एखादी मोलाची वस्तू माणसं मिळून सांभाळू शकतात, ही कल्पना तुम्हाला नवी वाटेल. कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. जेवताना भाऊजींनी हळूच आठवण करून दिली, की मेंढा (लेखा) याच तालुक्यात आहे. त्या गावाच्या ग्रामसभेला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्याच हाती आले, आणि तिथले निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने होतात. म्हणजे मी पंढरपुरात जाऊन वारी कशी करावी हे सांगून आलो होतो.

दुपारी जोडणी. आधी पोरांना एक गोष्ट नीट सांगितली, आणि ती बरोबर होती म्हणून इथे अभिमानाने नोंदवतो: नेटवर्क म्हणजे इंटरनेट नव्हे. इंटरनेट येवो न येवो, एक स्विच आणि चार केबली असल्या की एका खोलीतले संगणक आपसांत फाइली देऊ-घेऊ शकतात. प्रत्येकाला एक आयपी पत्ता द्यावा लागतो. घरगुती जाळ्यांसाठी काही पत्ते 1994 पासून राखून ठेवले आहेत, त्यातले 192.168 ने सुरू होणारे सगळ्यात ओळखीचे. ते घराबाहेर जात नाहीत, त्यामुळे माझ्या घरच्या लॅपटॉपचा आणि टोकियोतल्या एखाद्या लॅपटॉपचा पत्ता अगदी एकच असला तरी भांडण होत नाही. बाहेरच्या जगाशी बोलायचं काम राउटर आपल्या पत्त्यावरून करतो. घराच्या आत मात्र प्रत्येकाचा आकडा वेगळा हवा. हे शेवटचं वाक्य मी भाचीकडून नंतर ऐकलं. तोवर मी समतेच्या भावनेने सगळ्या संगणकांना 192.168.1.10 हा एकच पत्ता देऊन बसलो होतो. कोणाचा निरोप कोणाला जावा हे संगणकांना कळेना. भाची पत्ते दुरुस्त करू लागली, आणि मला मोकळं ठेवणं धोक्याचं म्हणून तिने मला पिंग दाखवायला बसवलं.

पिंग ही फार गोड आज्ञा आहे. 1983 साली माइक मूस यांनी ती लिहिली. समोरच्या संगणकाला हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचं. विंडोजमध्ये ती चार हाका मारून गप्प बसते. लिनक्समध्ये कंट्रोल-सी दाबेपर्यंत हाका चालूच. मी पोरांना गोळा केलं, पाठ केलेला एकमेव पत्ता टाइप केला, 127.0.0.1, आणि काय सांगू! ओळींवर ओळी धावू लागल्या, एकही हाक वाया नाही, उत्तर मिलिसेकंदाच्याही आत. "बघा पोरांनो," मी गहिवरून म्हणालो, "एवढं वेगवान नेटवर्क सबंध गडचिरोली जिल्ह्यात दुसरं नसेल." सातवीतली एक मुलगी खाली वाकली, टेबलाखालून केबलचं टोक उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

"सर, वायर तं निघूनच आहे ना जी."

127.0.0.1 हा प्रत्येक संगणकाचा स्वतःचाच पत्ता असतो. पाचेक मिनिटं मी मोठ्या प्रेमाने स्वतःशीच बोलत होतो.

संध्याकाळपर्यंत भाचीने सगळं सुरळीत केलं. त्याच मुलीने एका संगणकावर मोराचं चित्र काढून दुसऱ्यावर उघडून दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, भाऊजींनी माझा शाल देऊन सत्कार केला, आणि त्या शालीच्या उबेने घरी परतल्यावर मी पुढचं ठरवलं. आता खिडकीतला खेळ पुरे. खऱ्या डिस्कवर लिनक्स.

भाची परीक्षेत अडकली होती. तिला त्रास नको म्हणून सांगितलं नाही. पेन ड्राइव्ह लावला, त्यावरून लॅपटॉप सुरू केला, आणि परिचयाचा पडदा आला. खरं पाहता 'विंडोजच्या शेजारी स्थापना' असाही एक पर्याय होता. त्यात डिस्कचं पार्टिशन होतं, जुनं घर जागेवर राहतं आणि बाजूला नवं उभं राहतं. 1982 साली आमच्या जिल्ह्याचं असंच पार्टिशन झालं, त्यात कोणाचे फोटो गेल्याचं ऐकिवात नाही. पण माझ्या बोटाला उन्हाळाभर एकच सवय लागली होती. 'डिस्क पुसून टाका.' बोट गेलं, क्लिक झालं, 'नक्की का?' असं त्याने विचारलं, मी हसून 'हो' म्हटलं. पुसण्याची पट्टी सरकू लागली. मी पाय पसरून बसलो. ही चहा घेऊन आली, पडद्याकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, आज ती खिडकी कुठं गेली?"

खिडकी नव्हती. पडदाभर लिनक्सच होतं.

मी झेप घेऊन प्लग उपटला. त्या गतप्राण बॅटरीने जन्मात पहिल्यांदा माझं भलं केलं: लॅपटॉप जागच्या जागी मेला आणि उरलेल्या डिस्कवर नवीन काही लिहिलं जायचं थांबलं. परीक्षा संपवून आलेल्या भाचीने माझ्याकडे न पाहता दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि फोटोरेक नावाचा प्रोग्राम लावला. हाही फुकट, हाही मुक्त स्रोताचा. फाइल पुसली गेली तरी तिचा मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत डिस्कवरच पडून असतो. फोटोरेक तो हुंगत जातो आणि सापडेल ते वेचून बाहेरच्या डिस्कवर ठेवतो. नावं मात्र परत मिळत नाहीत. सगळ्या फाइलींना कैद्यांचे नंबर. रात्रभर चाललं ते. सकाळी काय काय सापडलं म्हणता? भजनी मंडळाचे हिशोब सापडले, पुतणीचे तिन्ही बायोडाटा सापडले (आता त्यातला 'फायनल हाच' कुठला ते कोणालाच कळत नाही), 'शुभ सकाळ'चे गुलाब शेकड्यांनी सापडले, माझी दाढ काढल्यावरचा एक्स-रे सापडला. शेपटी तेवढी सापडली नाही.

लॅपटॉप आता लिनक्सवर चालतो, माझ्यापेक्षा जोरात चालतो, आणि बॅकअपची एक डिस्क हिच्या दागिन्यांच्या कपाटात असते; किल्ली माझ्याकडे नाही. हिचं म्हणणं, वेलीचा फोटो गेला त्यात रडण्यासारखं काय आहे. माझ्यापाशी आता पुरावा नाही. म्हणून तुम्हालाच विनंती: ताडोब्यात वाघ बघताना तुमच्या एखाद्या फोटोत मागच्या जिप्सीतला टोपीवाला, तोंड उघडं पडलेला, चुकीच्या दिशेला पाहणारा गृहस्थ आला असेल, तर तो मी आहे. फोटो जपून ठेवा, आणि दोन ठिकाणी ठेवा.